खांद्यावरच्या माणसाची गणती

प्रति,
मा. गर्दी नियंत्रण अधिकारी,
वारसा जतन कार्यालय,
जुना कोट, वेशीजवळ.

विषय : मयत वडील यंत्राच्या हिशेबी अजून घरात असल्याने मला घरात जाता येत नसल्याबाबत.

संदर्भ : माझे आधीचे अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

मी कोटाच्या तटाची बाहेरून डागडुजी करणारा गवंडी असून तटाच्या आत आमचे एका खोलीचे घर आहे. पर्यटकांच्या लोंढ्यामुळे आपण वेशीवर चेहरे ओळखणारे यंत्र बसवलेत, ते योग्यच झाले. लोक थेट आमच्या मोरीत डोकावत. सोबत एका खोलीला दोनच रहिवासी असा नियम आला. आईवडिलांना आत ठेवून मी बाहेर भाड्याने राहू लागलो. त्याबद्दलही तक्रार नाही.

गेल्या महिन्यात वडील वारले. खांदा देण्यापुरते मला व आणखी तिघांना आत सोडले. वडिलांना वेशीतून नेताना रांगेतल्या पर्यटकांनी मोबाईल उंचावले. मला ते पाहवले नाही, म्हणून वडिलांच्या तोंडावर चादर ओढली. यंत्राने खांदा देणाऱ्या चौघांची गणती केली, खांद्यावरच्याची केली नाही. त्यामुळे आमचे घर अजून भरलेलेच आहे आणि मला वेस उघडत नाही. आई अंथरुणाला खिळलेली आहे.

मृत्यूचा दाखला दिला असता, तो यंत्राला चालत नाही, नाव काढायला घरातल्या दुसऱ्या रहिवाशाची संमती लागेल, असे आपल्या लिपिकांनी सांगितले. त्यांनी आईला फोन लावला. ती म्हणाली, "तुमच्या यंत्राला तरी ते घरात दिसतायत ना? मग राहू देत." हयातीत ती त्यांना दिवसातून दहादा घराबाहेर काढी, ही गोष्ट निराळी. तिच्यापुढे लिपिकांचे काही चालले नाही, माझेही नाही.

मी पर्यटकाचे तिकीट काढूनही पाहिले. यंत्राने मला ओळखले व मी पर्यटक नसल्याचे कळवले.

शेजारची घरे पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत. आतली खानावळवाली आईला डबा देई, अंग पुसून देई. परवा तिचाही परवाना संपला, तिला बाहेर पडावे लागले. आज सकाळपासून आई फोन उचलत नाही. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता, "दोघेही घरातच आहेत, काळजी नसावी," असे सांगण्यात आले.

सबब, वडिलांना काढू नये. त्यांना राहू द्यावे आणि मला जादा माणूस म्हणून आजच आत सोडावे. महोदय, मला फार भीती वाटते आहे.

आपला नम्र,
वेशीबाहेर उभा असलेला
गवंडी

दिनांक : खिडकीत अर्ज दिल्याचा

सोबत :
१. वडिलांच्या मृत्यूचा दाखला.
२. घराची किल्ली. मला सोडता येत नसेल, तर ज्याला सोडता येईल त्याच्या हाती द्यावी.