वाळवलेला खडक

बोगद्याचं तोंड, ता. ४

चि. बारक्यास अ. उ. आ.

इथे फोन लागत नाही, म्हणून खडकाच्या नमुन्याच्या पेटीतच पत्र घालते. जीप तेवढी रोज तुझ्या प्रयोगशाळेपर्यंत जाते. तू घास न चावता गिळतोस अशी आईची तक्रार आहे. दिवसभर दगड चिरडणाऱ्या माणसाला हे शोभत नाही.

कालपासून खडक गुलाबी लागलाय. माझ्या पाळीचे गडी खूश आहेत, कारण ड्रिल भसाभस आत जातं. मला तेच खटकतंय. ग्रॅनाइट एवढ्या सहज वाट देत नाही. त्यात छतातून पाणी झिरपतंय. या पट्ट्याच्या मजबुतीचा तू मागच्या आठवड्यात दिलेला आकडा पाहून थोरल्या साहेबांनी ठरवलंय की खडक दणकट आहे, तेव्हा छताला आधाराच्या लोखंडी कमानी मीटरामीटराला नकोत, तीन मीटरांवर पुरे. उद्यापासून तसंच. हा तुकडा एकदा बघ.

माया आहेच, उत्तराची घाई कर.
तुझी ताई

ता. ६, सकाळ

ती. ताईस सा. न.

आधी माणसं बाहेर काढ, मग पुढचं वाच.

चूक माझी आहे. मागचा नमुना मी भट्टीत वाळवून यंत्राखाली दाबला. ओला तपासायचा तर दोन दिवस भिजवावा लागतो, आणि मला घाई होती. कोरडा तो खरंच दणकट निघाला. तुझा तुकडा भिजवला, त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गारगोटीचे कण अजून ठणठणीत आहेत, पण त्यांच्यामधलं फेल्डस्पार हे गुलाबी खनिज कुजून माती झालंय. कोरडी असेतो ती माती कणांना धरून ठेवते, पाणी लागलं की सोडून देते. भिजलेला तुकडा आधीच्या एक तृतीयांश दाबालाच फुटला.

जीपवाल्याला थांबवून ठेवलंय. लोभ असावा असं दरवेळी सवयीने लिहितो, आज मागतोय.
बारक्या

ता. ६, संध्याकाळ

चि. बारक्यास आ.

तुझं पत्र दुपारी पोचलं तेव्हा अकरा गडी आत होते. मी शिट्टी दिली. साहेबांनी विचारलं, कोणाच्या हुकमाने. मी म्हटलं, भावाच्या. ते भडकले. घरगुती पत्रावर बोगदा थांबत नाही, उद्या सकाळी आठला काम सुरू, नाहीतर मी घरी, असं बजावलंय. रोज बुडाला म्हणून गडीही माझ्यावर धुसफुसतायत.

सहीशिक्क्याचा कागद पाठव. दोन्ही आकडे हवेत, आणि पहिला का चुकला तेही. तुझं नाव खराब होईल, कळतंय मला. तरी पाठव.
ताई

ता. १४

चि. बारक्यास अ. उ. आ.

सात तारखेला कागद सकाळी साडेसातला आला. साहेबांनी तो उभ्याउभ्याच दोनदा वाचला आणि कमानी मीटरावर घ्या म्हणाले, एवढंच. पक्क्या भागापासून एकेक कमान लावत आम्ही पुढे सरकू लागलो. पहिलीखाली मी स्वतः उभी होते.

तिसऱ्या दिवशी आमच्यापुढचं छत, जिथे आम्ही अजून पोचलो नव्हतो, खाली बसलं. दोन खोल्या भरतील एवढा खडक. आवाजही मोठा नाही, ओलं पोतं टाकावं तसा. सहा तारखेच्या दुपारी ते अकराजण त्याच जागी होते. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर ड्रिलवाल्याने मला विचारलं की तुझा भाऊ कसा दिसतो. मला रडूच आलं.

कागदासोबत तू राजीनाम्याचं लिहिलंस. तो फाडून टाक. तुझ्या जागी हुशार माणूस येईलही, पण त्याची चूक मला कोण कळवणार?

रागावले नाही असं नाही, तरी तुझीच,
ताई