दादाचा तुकडा

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हे हाताने लिहितेय. माझं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुला माहितीये. हसू आलं तर हस. आता टाके दुखणार नाहीत.

आठवतं ना, ऑपरेशननंतर तुला हसायला बंदी होती आणि बाबा पलीकडच्या खोलीतून नर्सताईंच्या हाती मुद्दाम जोक पाठवायचे? एकदा निरोप आला, याच्या लिव्हरचा तुकडा बसवल्यापासून मलाही नऊशिवाय जाग येत नाही. तू पोट धरून हसलास आणि रडलास, दोन्ही एकदम. मला वाटलं, झालं, जिंकलो आपण.

आई रोज फोन करते. दुकानाचं शटर अजून बंद आहे, लोकांच्या अर्धवट शिवलेल्या पँटी तशाच पडल्यात आणि तू चेकअपच्या स्कॅनला दोनदा गेला नाहीस, हे तिनेच सांगितलं. तुझी बाजू घेतच सांगितलं, काळजी करू नकोस. पण तू तिला जे म्हणालास ते सांगून तिने फोनच ठेवला. "बाबा गेले आणि माझं लिव्हर मात्र भरून येतंय, मला लाज वाटते आई." दादा, हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये. मी लॅबमध्ये उंदरांसमोर बसून रडले. ते बिचारे खात राहिले.

आणि काकांचं ते बोलणं. तेराव्याला चारचौघांत म्हणाले, तुकडा जरा मोठा दिला असता तर वाचला असता माझा भाऊ. मनात काही नसतं त्यांच्या, जिभेला हाड नाही एवढंच. पण तू तेव्हापासून मान खाली घातलीस ती घातलीसच.

म्हणून माझी टकळी ऐक, एकदाच. लिव्हर कापलं की ते परत वाढतं, हे मी तुम्हाला शंभरदा ऐकवलंय. पण ते आपलं आपण वाढत नाही. लिव्हरच्या आत राखणदारासारख्या पेशी राहतात, आपल्या इम्युनिटीच्या. जखम झाली की आधी त्या हाक मारतात, उठा, कामाला लागा. ती हाक पोचली की लिव्हरच्या पेशी एकीच्या दोन व्हायला लागतात. आम्ही उंदरांमधून हे राखणदार आधीच काढून टाकले, तर वाढ रखडली. तुकडा तोच, तेवढाच, पण हाक मारणारं कुणी नाही.

आणि हेच राखणदार इन्फेक्शन आलं की वेगळीच हाक मारतात. आग लागल्याची. ती थांबलीच नाही तर वाढ अडते. घर पेटल्यावर गवंडी वीट लावत नाही, बादली उचलतो. बाबांच्या छातीत इन्फेक्शन झालं, आठवतं? ताप उतरेचना. डॉक्टर सुरुवातीपासून सांगत होते की तुकडा पुरेसा आहे. आपण ते ऐकलं आणि मग खरं मात्र काकांचं मानलं.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, हे फोनवर आईलाही सांगता आलं असतं. काल मी तुमचं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेले होते. ताप यायच्या आधी बाबांच्या लिव्हरचा कणभर नमुना तपासायला घेतला होता ना, त्याची काच अजून जपून ठेवलीये. तिथल्या मॅडमना मी मुलगी म्हणून विनंती केली. त्यांनी काच मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मला एकटीला सोडून बाहेर गेल्या. मी उंदरांच्या अशा किती काचा पाहिल्यात, मला शिकवावं लागत नाही. दादा, पेशी दुभंगता दुभंगता तशाच थिजल्या होत्या. एकीच्या दोन होत होत्या, इथे, तिथे, सगळीकडे. तुझा तुकडा छोटा पडला नव्हता. तो बाबांच्या आत वाढायला लागला होता. त्याला फक्त वेळ मिळाला नाही. मी तिथे बसून त्या काचेला बाबा म्हणून हाक मारली, वेड्यासारखी.

सोमवारी मी घरी येतेय, स्कॅनला दोघं जाऊ. तो निळा शर्ट घाल, बाबांनी ऑपरेशनआधी पलंगावर बसून तुझ्यासाठी शिवलेला. ऑपरेशननंतर तू वजनाने उतरशील म्हणून बेतशीर शिवला, पण आत शिवणीत बोटभर कापड जास्तीचं दुमडून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, पोरगं परत भरेल, तेव्हा लागेल. आई म्हणते, तो आता तुला काखेत दाटतो आणि तू तसाच घालतोस. ती शिवण उसव, दादा. बाबांनी ती उसवण्यासाठीच घातली होती.

तुझीच,
टकळी