बाळंतिणीचा आळस

१२ जून २०१९
वजन सहा किलोनं उतरलं. मुलगी चार महिन्यांची. छाती धडधडते, हात कापतात. शेजारच्या दमयंतीताई विचारतात, "काय खाता हो?" — चहा, तोही गार! नवरा खूश. बद्रीनाथ म्हणतो, "पैल्यासारखी दिसायलीस."

२ सप्टेंबर
आता उलटं. वजन परत आलं, सोबत दोन किलो पाहुणे घेऊन. केस मूठमूठ गळतात. सासूबाई: "पोर हसाया लागलं की आईचे केस जातेतच." मुलगी खदाखदा हसते. माझं टक्कल हे तिचं यश!

९ सप्टेंबर
चौदा वर्षं पेपरची महिला पुरवणी वेळेत काढली. आता चारशे शब्दांना तीन दिवस. विषय — 'नवमातांनो, प्रसन्न राहा'. सगळा उस्मानपुरा पंख्याखाली, मी गोधडीत.

१६ सप्टेंबर
मुलगी रडत होती. मी शेजारीच पडले होते, ऐकत होते. मला उठवेचना. सासूबाईंनी तिला उचललं. "पोरीला मी गावाकडं सोयगावला नेते. तुझ्यात मायाच नाय, बाई." बद्रीनाथ एसटीची वेळ बघू लागला. रविवारी नेणार.
खरं लिहायचं तर — मलाही तसंच वाटायला लागलंय.

१८ सप्टेंबर
डॉ. पद्मजांकडे गेले. म्हटलं, जागेपणाची गोळी द्या. त्यांनी रक्त काढून घेतलं.

२० सप्टेंबर
थायरॉईड! बाळंतपणानंतर काहींना होतं म्हणे. आधी वाढतं, मग उतरतं. सकाळी उपाशीपोटी गोळी. अंगावर पाजायला हरकत नाही. "बऱ्याच जणींचं वर्षभरात सुधारतं. काहींचं कायम राहतं."
मग म्हणाल्या, "तुमच्याच पुरवणीत लिहिलं होतं की मी!" लिहिलं होतं. थायरॉईडचा शेवटचा परिच्छेद मीच कापला. साड्यांच्या जाहिरातीला जागा हवी होती.

२१ सप्टेंबर
सासूबाईंना रिपोर्ट वाचून दाखवला. त्या मुलीची झबली पिशवीत भरत होत्या. थांबल्या.
"बद्रीच्या बारीला मला बी असंच व्हतं. निस्ती पडून ऱ्हायची. मंग त्याला माझ्या बहिणीकडं ठिवलं. सात वर्षं."
झबली एकेक करून परत कपाटात ठेवली. संध्याकाळी त्यांना रिक्षात घालून क्रांती चौकातल्या लॅबमध्ये नेलं. "म्हातारीचं रगत कशापायी?" म्हणत हात पुढे केला.

२४ सप्टेंबर
सासूबाईंचा थायरॉईडचा आकडा माझ्यापेक्षा मोठा — म्हणजे दुखणंही. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.
"बद्रीला दाव. त्याला मावशीकडं का धाडलं, ते लिवलंय का ह्याच्यात?"