खाली पडलेला चढ

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (सध्या जेवढं वाकता येतं तेवढं वाकून, कारण पुढे येईलच). तुझी कंबर आता कशी आहे? भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर ही माझ्याशी कामापुरतंच बोलते. आणि तिचे बाबा, म्हणजे आमचे सासरेबुवा, अगदी नेहमीसारखं बोलतात. ते तर मुळीच सहन होत नाही.

झालं असं. आमच्या वस्तीमागची टेकडी खडीसाठी पोखरत आणली आहे. लवकरच माथाही जाणार. सासूबाईंचं माहेर त्या टेकडीपलीकडे. लग्न ठरल्यावर सासरेबुवा (तेव्हा शिलाईच्या दुकानात नवखे होते) सुट्टीच्या दिवशी माथ्यावर जाऊन बसायचे आणि त्या खाली अंगणात यायच्या. लांबून एकमेकांना दिसायची, एवढंच. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. मध्यंतरी ते म्हणाले, "माथा आहे तोवर एकदा जाऊन बसायचंय." आणि मी, भूगोलाचा प्राध्यापक, छाती पुढे काढून म्हणालो, "मी नेतो की!"

विहिरीकडून जाणारी पायवाट सगळ्यांना माहीत आहे. पण ती उभ्या चढाची, आणि यांचे गुडघे दुखरे. म्हणून मी नकाशा काढला. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, तू माझ्या पुस्तकात त्यांना डोळे काढून गोगलगाई करायचीस) जिथे लांब लांब असतात, तिथे चढ सौम्य. टेकडीच्या मागच्या अंगाला त्या चांगल्या ऐसपैस पसरल्या होत्या. मग काय विचारतेस! वाटभर मी त्यांना भूपृष्ठरचना समजावून दिली. नुसत्या डोंगरदऱ्या नव्हेत, तर ओढे, झाडी, बांध, रस्ते, जमिनीच्या अंगावर जे जे उमटलंय ते सगळं, आणि ते तसं का उमटलं, हे. त्यांनी मध्येच एकदोनदा "तुमच्या सासूबाई ना, इथूनच..." असं सुरू केलं. मी म्हणालो, "थांबा बाबा, आधी हा उतार संपवतो."

एका झुडपापलीकडे जमीनच संपली. नकाशा खाण सुरू व्हायच्या आधीचा होता. तरी मी तो उलटासुलटा फिरवत म्हणत होतो, "इथे चढ असायला हवा." सासरेबुवांनी कडेवरून जपून खाली डोकावलं.

"जावईबापू, खाली पडलाय वाटतं."

कडेकडेने वळसा घालू म्हणून मी पुढे झालो आणि खडीवरून बसल्या बसल्या थेट खाणीतल्या गढूळ पाण्यापर्यंत गेलो. (नकाशा कोरडा राहिला. तेवढा मी वर धरला होता.) माकडहाडाला चीर. ते बिचारे त्या गुडघ्यांनिशी हाका मारत पार खाली फिरून आले. खाणीतल्या लोकांनी मला उचलून ट्रकमध्ये पालथं घातलं. वळणावर माथा दिसला, तेव्हा सासरेबुवा मान वळवून बघत राहिले, दिसेनासा होईपर्यंत. मग मला विचारलं, "फार दुखतंय का हो?"

रागावले असते तर बरं झालं असतं गं. आता मी रोज विचारतो, "बाबा, सासूबाई इथून काय?" ते म्हणतात, "काही नाही हो, असंच." आणि त्यांच्या गुडघ्यांवर पुन्हा सूज आलीय.

तुझा,
पालथा झोपणारा भाऊ

ता. क. सुरुंग माथ्याकडे सरकायला लागलेत. सूज उतरली की भावजींना पाठव ना. ते सासरेबुवांना विहिरीच्या वाटेने हळूहळू, बसत-उठत वर नेतील. मुख्य म्हणजे त्यांना भूगोलातलं काही कळत नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ही सांगून गेली, की जावयाला बरं वाटेपर्यंत थांबू, त्यालाही नेऊ, असं बाबा म्हणतात. सासूबाईंना माझी बडबड ऐकत बसायला आवडायचं म्हणे. ताई, मला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं.