राखीव गडी उदेसिंग

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार. सारंगखेडा.
रतिलालभाऊंच्या ओट्यावर कमिटीची मीटिंग. जत्रेतल्या हुतूतूच्या सामन्यांसाठी टीम ठरली, फक्त एक राखीव जागा उरली. रतिलालभाऊ (अध्यक्ष, केळीवाले, खेळातलं ज्ञान शून्य) म्हणाले, रूपसिंगला घ्या. रूपसिंग पस्तिशीचा, गुडघा वाजतो, पण कुठेही उभा करा, निभावून नेतो. मी म्हटलं, निभावून नेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. राखीव जागेवर उद्याचा माणूस घ्यावा. मी सुचवलेलं नाव: उदेसिंग.
सगळे हसले. उदेसिंग घोडी शिकवतो. हुतूतू जन्मात खेळलेला नाही. पण परवा उधळलेला घोडा त्याने कानाला धरून जागच्या जागी उभा केला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी मी ड्रिल मास्तर आणि कॅप्टन, माझंच ऐकावं लागलं.
प्लॅन: यंदा नुसता बसवायचा. पुढच्या वर्षी थोडा खेळवायचा. तिसऱ्या वर्षी टीम त्याच्या हाती. तोवर मुख्य चढाया माझ्याच. वय बेचाळीस, पण दम आहे.

१९ नोव्हेंबर
पहिली प्रॅक्टिस. उदेसिंग रूपचंदच्या अंगावर पडला. रूपचंद म्हणजे आमचा पकडीचा हुकमी गडी. दोन बरगड्या गेल्या. उदेसिंगने त्याला उचलून घरी नेलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या दाराशी बसून राहिला.
ताकद भरपूर. जहरीपणा नाही. तो शिकवता येतो.

२५ नोव्हेंबर
जहरीपणाचा पहिला धडा. सगळ्यांना लिंबाच्या काठ्या दिल्या आणि उदेसिंगला मधून पळायला लावलं. नाक फुटलं, कान सोलला, पाठीवर वळ. त्याने हात उचलला नाही. का नाही, विचारलं. म्हणाला, “यासनी मन्हं काय बिघाडं?”
थिअरी कच्ची आहे. मग प्रात्यक्षिक म्हणून मीच त्याच्या कानशिलात मारली. माझं मनगट मुरगळलं. त्याने ते चोळून दिलं.
घरी हिने हळद लावली. कोणी मारलं विचारलं. प्रॅक्टिस, म्हटलं.

३ डिसेंबर
सकाळी निश्चय: रागवायचं नाही. शांतपणे घडवायचं.
दुपारी त्याच्या तांबड्या घोडीबद्दल चार घाण शब्द बोललो. निव्वळ ट्रेनिंग म्हणून. त्याने एका हाताने मला ढकललं. मी बाभळीच्या कुंपणात. प्रचंड प्रगती! पाठीतले काटे हिने पिनेने काढले. प्रत्येक काट्याला आनंद झाला. ही म्हणाली, तुम्हाला ताप तर नाही ना?
घुसताना त्याचा डावा पाय मागे राहतो. सुधारेल.

१२ डिसेंबर
रतिलालभाऊंनी पुन्हा टुमणं लावलं. अजून नाव बदलता येतं, रूपसिंगला घ्या, हा बिचारा घोडीवालाच बरा. मी तासभर बोललो. आज कामाचा आणि उद्या कामाचा यातला फरक समजावला. ते जांभया देत होते, म्हणजे पटलं असावं.
रस्त्यात रूपसिंग भेटला. म्हणाला, गरज पडली तर ऐन मैदानातही हाक मारा, मी दोरीशीच उभा असेन. मत्सर. दुसरं काय.

२७ डिसेंबर, सकाळ
जत्रा भरली आहे. आज म्हसावदशी सामना. त्यांचा कॅप्टन नवलसिंग मारकुटा. त्यांचा भिला एकदा घोट्याला चिकटला की सुटत नाही.
पक्का निश्चय: काही झालं तरी उदेसिंगला आत पाठवायचं नाही. कच्चा आहे. कच्च्याला आगीत घातलं तर पुढच्या दोन वर्षांचा प्लॅन वाया जाईल. हे मी कमिटीलाही बजावलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ. दवाखान्यातून.
बोलता येत नाही म्हणून लिहितो.
पहिल्या डावात माझ्या तीन चढाया. तिन्हीत पकडलो गेलो. भिलाने घोटा धरला आणि नवलसिंगने गुडघा पोटात घातला. दात एक पडला, एक हलतो. चढाया तंत्राने बरोबर होत्या. रूपचंद बांधलेल्या बरगड्यांनी खेळत होता. त्यांनी त्याच जागी कोपर मारलं. तो रक्त थुंकत बाहेर आला.
माणूस कमी. रूपसिंग दोरीशी उभा होता, हात वर करत होता. रतिलालभाऊ काहीतरी ओरडत होते. सगळ्या गावासमोर मी माझी निवड खोटी ठरू देणार होतो का? उदेसिंगला पाठवला. जाताना कानात सांगितलं, भिलाचा पाय मोड, बाकी मी बघतो.
तो घुसला. भिलाने घोटा धरला. उदेसिंग वळला आणि सगळं वजन खाली आणलं. ऊस मोडावा तसा आवाज झाला. पलीकडच्या जिलेबीवाल्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. हाड कातडीतून बाहेर.
मी ओरडलो, मागे ये, मागे ये. रेघ चार पावलांवर होती. उदेसिंगने दम सोडला. तिथेच बसला आणि भिलाचं डोकं मांडीवर घेतलं. बाद झाला. म्हसावदकर धावून आले, त्याच्या पाठीत काठ्या घातल्या. तो भिलावर ओणवा होऊन मार खात राहिला, मग त्याला उचलून गर्दीतून चालत दवाखान्यात निघाला. मागे दोन्ही गावं एकमेकांवर तुटून पडली. दगड, काठ्या, घोड्याचा लगाम, मिळेल ते. माझ्या जबड्यावर काय बसलं ते पाहिलं नाही.
सामना पुरा झालाच नाही. म्हणजे आम्ही हरलो नाही.

३० डिसेंबर
जबड्याला पट्टा बांधला आहे. डॉक्टर म्हणाले, कमी बोला. कमिटी खाटेशी येऊन बसली. कानात काय सांगितलंत, असं रतिलालभाऊंनी विचारलं. मी पट्ट्याकडे बोट दाखवलं.
तसं पाहिलं तर ‘मोड’ म्हणजे खेळाच्या भाषेत ‘अडव’. घोडीवाल्याला खेळाची भाषा कळली नाही, यात माझा दोष नाही.

८ जानेवारी १९५९
उदेसिंग गावात नाही. तो म्हसावदला भिलाच्या शेतात गव्हाला पाणी भरतो, असं रूपसिंग सांगून गेला. तांबडी घोडीही तिकडेच बांधली आहे.
परगावाने आमचा गडी पळवला! रविवारी जाऊन परत आणतो. त्याचं पुढचं वर्ष महत्त्वाचं आहे.

११ जानेवारी, रविवार
म्हसावदला गेलो. भिला ओसरीवर खाटेवर, पाय फळ्यांत बांधलेला. डॉक्टरांनी पाय राखला, पण आखूड राहील म्हणाले. पोरं अंगणात त्याची काठी घेऊन खेळत होती. त्याची बायको धनुबाई माझ्याशी बोलली नाही. चहा मात्र ठेवला.
उदेसिंग चिखलाच्या पायांनी शेतातून आला. मी पट्ट्याआडून सांगितलं, चल, पुढच्या वर्षाची तयारी करायची आहे. तो म्हणाला, “मास्तर, माले आते खेयनं नही.” आवाज चढवला नाही. पाय धुतले आणि भिलाची उशी सरळ केली.
मग भिलाने त्याला माझ्यासमोरच विचारलं, “तुले कोनी सांगेल व्हतं का?”
उदेसिंगने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, “कोनीच नही. मन्हाच पाय जड पडना.”
भिलाने मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी पट्ट्याला हात लावला. जबडा बांधलेला, बोलणार कसा?
चहा तसाच राहिला. एसटीत बसलो. कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं.
सारंगखेडा, म्हटलं. स्पष्ट म्हटलं. त्याला पुन्हा विचारावं लागलं नाही.