दोन व्हॉल्व्ह की चार

पनवेल, २६ ऑक्टोबर १९५९

चि. जगन यास सत्यवतीताईचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. रागावलेली आहे, म्हणून खुशाली एवढ्यातच आटपते. दसऱ्याला तू पाठवलेले पलटणीतले जुने हेडफोन रेडिओला जोडले. मला कुजबुज ऐकू आली, बाबांना काहीच नाही. भातगिरणीच्या इंजिनाशेजारी तीस वर्षं उभं राहून गेलेले कान ते. समोरचा रेडिओवाला काळूराम म्हणतो की हे हेडफोन खादाड आहेत, मध्ये आवाज वाढवायला चार व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर हवा, दोनचा पुरायचा नाही. तसाच पाठव.

२२ नोव्हेंबरला तुझी शकू मुलांच्या कार्यक्रमात रेडिओवर गाणार. नऊ वर्षांची झाली, पण आजोबांनी तिचा आवाज एकदाही ऐकलेला नाही. बाबा गल्लीभर सांगत सुटलेत की माजी नात गानार हाय नि मी ऐकनार हाय.

लोभ आहेच, आधी अ‍ॅम्प्लिफायर येऊ दे.

सत्यवती

मुंबई, ५ नोव्हेंबर १९५९

ती. ताईस जगनचा साष्टांग नमस्कार.

सायकलींची पंक्चरं काढता काढता रेडिओवाला झालेला काळूराम आता मला शिकवणार? दहा वर्षं मी दुकानात अ‍ॅम्प्लिफायर बांधतो. चार व्हॉल्व्हचं धूड नुसतं तापतं. सोबत दोन व्हॉल्व्हचा पाठवतो आहे, स्वतः बांधलेला. दुकानातल्या हेडफोनवर लावून पाहिला, माझे कान दणाणले. तू आपली शाळेतली पोरं मोज, व्हॉल्व्ह मी मोजतो.

चंद्रावती आणि शकू मजेत आहेत. राग ओसरला की लिही.

जगन

पनवेल, २२ नोव्हेंबर १९५९

जगन,

आज आशीर्वाद नाहीत.

तुझा अ‍ॅम्प्लिफायर लावल्या दिवसापासून बाबा झकास, झकास म्हणत होते. मी विश्वास ठेवला, ही माझी चूक. आज सगळी गल्ली आमच्या ओटीवर जमली. शकूचं गाणं सुरू झालं. बाबा हेडफोन लावून, डोळे मिटून, मान डोलवत मांडीवर ताल धरून बसले. शेजारच्या गोदूबाईंनी डोळे पुसले. दुसऱ्या कडव्यात वीज गेली. रेडिओ बंद पडला. बाबा मात्र डोलतच राहिले, जगन. मांडीवरचा ताल थांबला नाही. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

मग मी पाटीवर लिहून विचारलं. ते म्हणाले की पोरानं हातानं बांधलाय, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं.

दुकानातले हलके हेडफोन आणि तुझे तरणे कान! ज्यांच्यासाठी बांधलास, त्यांचे कान तुला आठवले नाहीत?

सत्यवती

मुंबई, २५ नोव्हेंबर १९५९

ती. ताईस नमस्कार.

बाबांवरही मी चिडलो आहे. मी त्यांना पत्रानं विचारलं, तर त्यांनीही झकास म्हणून कळवलं होतं. पण चूक माझीच. शकूला खरं सांगितलं. मग मी कुणासाठी गायले, एवढं विचारून ती जी गप्प झाली, ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

रविवारी चंद्रावती तिला घेऊन येईल. बरोबर माईक आणि चार व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर देतो. मी येत नाही, तोंड दाखवायची लाज वाटते. जोडणी काळूरामकडूनच करून घे, हे लिहिताना हात जळतो आहे.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.

जगन

पनवेल, २९ नोव्हेंबर १९५९
(चंद्रावतीबरोबर)

चि. जगन यास काशीरामचा आशीर्वाद.

काळूरामनं जोडणी केली. फुशारकी मारली, पन थोडीच. शकूपुढं माईक धरला. सगळी म्हनाली गानं म्हन. पोरगी गाईना. गाल फुगवून उभी. मग एकदम बोलली, नि तिचा पयला आवाज माज्या कानात आला तो असा, की आजोबा, तुमी खोटं का बोललात?

मी म्हटलं ऐकू नाय आलं. ती परत बोलली, मोठ्यानं. मी म्हटलं अजून नाय. तवा अशी ओरडली की अंगनातल्या कोंबड्या पलाल्या. सत्यवतीला माजी लबाडी कळली, ती पदर तोंडाला लावून आत गेली. पोरीचा आवाज तुज्या आयेवर गेलाय. रागावली की तसाच चढतो.

पुढल्या रविवारी तू ये. लाज घरी ठेव. मलाबी तुला रागवायचं हाय, नि तू काय उलट बोलतोस ते दहा वर्षांनी ऐकायचं हाय.

काशीराम