कारपार्कातला मुक्काम

२२ ऑगस्ट २०१५, शनिवार

गाडी आली. पांढरी जपानी व्हॅन, आधी एका फुलांच्या दुकानाची. मागे गादी बसते. आत अजून लिलीचा वास आहे. बरंच झालं, उदबत्ती वाचेल.

निर्णय पक्का. यापुढे पूर्ण वेळ गाडीत. मी, लाडू आणि शेवंती. दसऱ्यानंतर मलेशिया, तिथून वर थायलंड, पुढचं पुढे. कारण एकच, शेवंती. लाडू छोटा कुत्रा आहे, त्याचं लायसन्स आहे. पण सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटमध्ये मांजर चालत नाही, आणि तिला पडद्यामागे किती दिवस लपवायचं? सुलेखा जाऊन दीड वर्ष झालं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

लहानपणी आमच्या शाळेमागच्या माळावर धनगर उतरायचे. मेंढ्या, कुत्री, घोड्याच्या पाठीवर कोंबड्यांची डालगी, आणि त्यावर एखादं पोर झोपलेलं. चार दिवसांनी माळ रिकामा. देव त्यांच्या बरोबरच असायचा, कापडात गुंडाळलेला. त्यांना जमलं ते मला बुकित पंजांगमध्ये का जमू नये?

मैत्रेयीला फोन केला. युनिव्हर्सिटी जवळ पडते म्हणून ती क्लेमेंटीला खोली घेऊन राहते. म्हणाली, "बाबा, सिंगापूरमध्ये व्हॅनमध्ये राहणार? जाणार कुठे? हाफ अवरमध्ये समुद्र येतो!" मी म्हटलं, म्हणूनच मलेशिया. मग, "आणि आईचं घर?" एजंट नीताने भाडेकरू बघितलेत, पुण्याचं जोडपं आहे, चांगली माणसं आहेत, असं सांगितलं. फोन कट झाला. रेंज नसेल.

२३ ऑगस्ट, रविवार, सकाळी

पहिली रात्र उत्तम. काच बंद ठेवली तर उकडतं, उघडली तर डास. मधला मार्ग शोधणे.

लक्षात ठेवणे: कुत्र्याला दाराजवळ जागा द्यावी, मांजराला उंचावर. म्हणजे दोघं आपापल्या हद्दीत राहतात. लाडू रात्रभर माझ्या पोटावर होता. शेवंती मधोमध बसून पुढची डावी सीट बघत होती. तिथे काही नव्हतं. मी पाहिलं. दोनदा.

आंघोळीला वर फ्लॅटमध्ये जावं लागलं. पूजाही वरच केली. स्वयंपाकघरात गेलो नाही, काम नव्हतं.

२६ ऑगस्ट, बुधवार

समोरच्या घरातले कोह अंकल खाली भेटले. सत्तरीचे, हातात कायम कालचं वर्तमानपत्र. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सेवन्थ मंथमध्ये गाडी घेतली? घर पण सोडतो? तू एकदम डेअरिंग लाह!" लाहला अर्थ नाही, इथे वाक्याला तसं शेपूट लागतं. त्यांच्या चिनी सातव्या महिन्यात मेलेली माणसं फिरायला बाहेर येतात. नवीन काही घ्यायचं नाही, घर हलवायचं नाही. मी त्यांना समजावलं की आमचा पितृपक्ष अजून महिनाभर लांब आहे. ते म्हणाले, "तुमचे लोक लेट येतात."

मग गाडीच्या बाजूवर खरवडलेली चिनी अक्षरं बोट फिरवत वाचली. म्हणाले, लग्नाची फुलं नव्हेत, दुसरी, मयताची. मी म्हटलं, फूल ते फूल.

२९ ऑगस्ट, शनिवार

खरं तर लिहिणार नव्हतो. पण वही माझीच आहे.

फ्लॅटमध्ये पहाटे स्वयंपाकघरात चपला वाजतात. सुलेखाच्या, रबरी, घरात घालायच्या. ओट्यापासून फ्रीजपर्यंत आणि परत. ती चहा ठेवायची तेव्हा वाजायच्या तशाच. वरच्या मजल्यावरचा आवाज खाली येतो, यात काही विशेष नाही. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो एवढी एक अडचण आहे.

मी घाबरत नाही. देवाचं करतो. गाडी शेवंतीसाठी घेतली.

५ सप्टेंबर, शनिवार

पलीकडच्या मैदानात मांडव घालून गाण्याचा कार्यक्रम. झगमगीत बाई, कर्कश स्पीकर, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. पहिली रांग मात्र पूर्ण रिकामी. लाडूला फिरवत होतो, पाय दुखत होते, बसायला गेलो. कोह अंकलनी शर्ट धरून मागे ओढलं. "ती त्यांची सीट!"

मागे उभा राहून ऐकलं. बाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघून हसत होती, हात हलवत होती. मला वाटलं होतं विचित्र वाटेल. वाटलं नाही.

परत येताना अंकल गाडीत डोकावले. मागे गादी, भांडी, कुत्र्याचं खाणं, मांजराची वाळू, माझे कपडे, सगळं एकावर एक. पुढची डावी सीट मोकळी. म्हणाले, "तुझं पण सेम." मी सांगितलं की तिथे सामान ठेवायचं अजून राहिलंय. उद्या ठेवतो.

६ सप्टेंबर

नाही ठेवलं. सीटबेल्टची क्लिप अडकते.

१७ सप्टेंबर, गुरुवार. गणेश चतुर्थी

गणपती डॅशबोर्डवर बसवला. सुटसुटीत. निरांजन लावलं तर शेवंतीच्या शेपटीला चटका बसता बसता राहिला. लाडूने मोदक खाल्ला, तो नैवेद्य दाखवायच्या आधी. लक्षात ठेवणे: प्राणी असतील तर आरती वर करावी.

आरती वर केली. टाळ सुलेखा वाजवायची. एकट्याला टाळ आणि ताट दोन्ही जमत नाही.

मैत्रेयी आली नाही. मेसेज: "Which house should I come to?" उत्तर विचार करून देणार आहे.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

धूर. सुमात्रात जंगलं पेटली की दरवर्षी येतो, पण यंदा शाळासुद्धा बंद ठेवल्या. समोरचा ब्लॉक दिसत नाही. एलआरटी, म्हणजे इथली छोटी ट्रेन, घरांजवळून जाताना तिच्या काचा आपोआप आंधळ्या होतात. आज सगळं गावच तसं. कुणीतरी गाडीशेजारून चालत गेलं, चटक चटक, चटक चटक. दार उघडलं, कुणी नव्हतं. लाडू शेपूट हलवत होता.

गाडी गेले पाच आठवडे एकाच जागी आहे, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. योगायोग. सावली चांगली आहे.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

नीताचा फोन. भाडेकरू पितृपक्षात पाऊल ठेवणार नाहीत, घटस्थापनेला चावी हवी. "पण शैलेंद्र, तोवर घर पूर्ण रिकामं पाहिजे हं. वहिनींचं कपाटसुद्धा. आणि बुधवारपर्यंत मला हो-नाही सांगा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

हो म्हणून टाकणार होतो. लाडू भुंकला म्हणून राहिलं.

६ ऑक्टोबर, मंगळवार. अविधवा नवमी

सवाष्ण गेलेल्या बायकांचा दिवस. गेलं वर्ष पहिलंच, काही करता आलं नाही. यंदा पान गाडीच्या टपावर ठेवायचं ठरवलं. आता हेच घर.

स्वयंपाक गाडीत करणार होतो, पण वडे तळायला जागा नाही. वर गेलो. सकाळभर स्वयंपाकघरात एकटा. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. चपला ओट्याखाली होत्या, जागच्या जागी.

मैत्रेयी लेक्चर बुडवून आली. माझ्याशी बोलली नाही, पण केळीचं पान पुसून दिलं.

पान ठेवलं. कावळा नाही. धुरात एक काळा ठिपका दिसेना. साळुंक्या मात्र शे-दोनशे. कोह अंकल वर्तमानपत्राने त्यांना हाकत होते आणि त्यांच्याशी चिनीत भांडत होते. गावी धाकट्या भावाला, प्रतापला, फोन लावला. साळुंकी चालते का? तो म्हणाला, "दादा, साळुंकीचं काय घेऊन बसलास? वहिनींचं काहीतरी मनात राहिलंय. शब्द दे, कावळा येतो."

शब्द दिला. शेवंतीला सांभाळीन. साखर कमी करीन. मैत्रेयीचं शिक्षण होईपर्यंत नोकरी सोडणार नाही. तुला थायलंडचा समुद्र दाखवीन. प्रत्येक शब्दानंतर थांबलो. भात वाळायला लागला. अंकल म्हणाले, "शी डोन्ट वॉन्ट थायलंड, लाह."

माझे शब्द संपले. खरंच संपले. हात जोडून नुसता उभा राहिलो. डोळ्यांत पाणी होतं, धुराने सगळ्यांच्याच येतंय.

तेव्हा मैत्रेयी पुढे आली. लहानपणी आईशी भांडायची त्याच आवाजात वर बघून म्हणाली, "आई, ऐक. घर आपण कुणाला देत नाही. बाबा आजपासून वर झोपणार. मी दर शनिवारी येणार. आता जेव ना. Please lah."

मी मध्येच बोलणार होतो की हा निर्णय अजून विचाराधीन आहे.

कावळा आला. कुठून आला कळलं नाही. टपावर उतरला, एकदा आमच्याकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि खीर, भात सगळं सोडून आधी वडा उचलला. सुलेखाही पानावर बसली की आधी वडाच. मैत्रेयीने माझी बाही धरली, ती नंतर बराच वेळ सोडली नाही.

धुरामुळे भुकेला असेल. बाकीचं पान लाडूने संपवलं.

हा शब्द मी दिलेला नाही. पण पानासमोर बोललेलं मोडता येत नाही, कुणी का बोललेलं असेना. नीताला फोन करून 'नाही' म्हणून कळवलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

७ ऑक्टोबर, बुधवार, पहाटे

वर झोपलो. शेवंती पडद्यामागे, लाडू पोटावर. मैत्रेयी रात्रीच क्लेमेंटीला परत गेली.

पहाटे चपला वाजल्या. ओट्यापासून फ्रीजपर्यंत आणि परत. शेवंती उठून गेली, परत आली नाही. मी छताकडे बघत पडून राहिलो. मग पडल्या पडल्याच म्हटलं, "मलाही अर्धा कप."

आवाज थांबला. चहा कुणी आणला नाही, अर्थात.

उठून स्वतःच केला. व्हॅन रविवारी भाजी आणायला उपयोगी पडेल, त्याचा नीट प्लॅन करायचा आहे. चहाचा अंदाज चुकला, दोन कप झाला. एक प्यायलो. दुसरा ओट्यावर ठेवला आहे. शेवंती त्याच्यासमोर बसून बघते आहे.